उन्हाळ्याचा सोबती : कूलर

(मराठवाड्यात उन्हाळा आला की घरोघरी कूलर सुरू होतो. तो हवा कशी थंड करतो, त्याची निगा कशी राखावी आणि त्याच्यामुळे होणारे अपघात कसे टाळावेत, हे या पाठात सांगितले आहे.)



परभणीहून रेल्वेने पूर्णेकडे निघालात की वाटेत पिंगळी हे छोटे स्थानक लागते. मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी तेथे उतरून पाहा. रूळ तापलेले असतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. या दिवसांत आपल्या भागातला पारा ४२ अंश सेल्सिअसच्या वर जातो. रस्त्यावर सहसा कोणी दिसत नाही. पण गावात शिरलात की घराघरांतून एक आवाज ऐकू येतो. घर्रर्र... घर्रर्र... हा आवाज कूलरचा!

कोणाकडे पत्र्याचा मोठा कूलर असतो, तर कोणाकडे प्लॅस्टिकचा लहान. तो खिडकीत बसवतात, टाकीत पाणी ओततात आणि बटण दाबतात. थोड्याच वेळात खोली गार होते. आपण कूलरसमोर बसून अभ्यास करतो, जेवतो, झोपतो. पण तो हवा गार कशी करतो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

याचे उत्तर तुमच्या घरातल्या माठात आहे. उर्दूत आपण ज्याला मटका म्हणतो, तोच हा माठ. मातीच्या माठाला अतिशय बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते आणि माठाचा बाहेरचा भाग ओला होतो. तेथे कोरडी हवा लागली की त्या पाण्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी उष्णता लागते. ही उष्णता पाणी कोठून घेते? माठाकडून आणि माठातल्या पाण्याकडून. म्हणून आतले पाणी गार होते. पाण्याची अशी वाफ होऊन ते हवेत मिसळण्याच्या क्रियेला बाष्पीभवन म्हणतात.

बाष्पीभवनाला किती उष्णता लागते, हे ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. फक्त १ लिटर पाणी हवेत उडून जाताना जेवढी उष्णता घेते, तेवढी उष्णता द्यायला १००० वॅटची विजेची शेगडी सुमारे ४० मिनिटे चालवावी लागेल!

कूलरमध्ये हेच घडते. कूलरच्या तीन बाजूंना लाकडाच्या बारीक तारांचे गवत किंवा कागदाच्या जाळीचे पॅड बसवलेले असतात. टाकीतला छोटा पंप पाणी वर चढवतो. वरच्या नळीच्या छिद्रांतून ते पाणी गवतावर ठिबकते आणि सगळे गवत ओले होते. पंखा बाहेरची गरम, कोरडी हवा या ओल्या गवतातून आत ओढतो. जाता जाता पाण्याची वाफ होते आणि हवेची उष्णता त्या वाफेसाठी खर्च होते. गरम हवा गार होऊन खोलीत येते.

ही युक्ती नवी नाही. पूर्वी दारांना व खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावत आणि त्यांच्यावर पाणी शिंपडत. वाळा म्हणजे उर्दूतला खस. ही एका गवताची सुगंधी मुळे असतात. वाऱ्याची झुळूक आली की खोलीत गारवा आणि सुगंध दोन्ही येत. सोळाव्या शतकात अबुल फजल यांनी लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथातही वाळ्यावर पाणी शिंपडून घर गार ठेवण्याचा उल्लेख आहे. आजच्या कूलरने त्याच ताटीला पंप आणि पंखा जोडला, एवढेच.

मग कूलर मे महिन्यात छान गारवा देतो आणि जुलै महिन्यात का देत नाही? कारण पाण्याची वाफ सामावून घ्यायला हवा कोरडी असावी लागते. मे महिन्यातल्या दुपारी तापमान ४२ अंश असले आणि हवेत ओलावा कमी असला, तर चांगल्या स्थितीतला कूलर सुमारे २८ ते २९ अंशांची हवा देऊ शकतो. पावसाळ्यात तापमान ३२ अंश असले, तरी हवा दमट असते. तेव्हा कूलर हवा जेमतेम दोन-तीन अंशांनी गार करतो. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात कूलरचा फारसा उपयोग होत नाही, तो याच कारणाने. मराठवाड्याची कोरडी हवा मात्र कूलरला मानवते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कूलर सतत बाहेरची हवा आत आणतो. ती हवा बाहेर जायला वाट हवी. म्हणून कूलर चालू असताना समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे. सगळे बंद केले, तर खोलीतली हवा दमट होते, अंग चिकट होते आणि आपण म्हणतो, “कूलर बिघडला!” खरे म्हणजे कूलर बिघडलेला नसतो, आपण त्याची वाट अडवलेली असते.

एसीचे याच्या उलट आहे. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो, म्हणून त्याला खोली बंद लागते. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरिअर या अभियंत्याने हवेतला ओलावा ताब्यात ठेवण्याची यंत्रणा तयार केली. ती माणसांसाठी नव्हती, ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी होती! दमट हवेत तेथे कागद फुगत असे आणि छपाईचे रंग सरकत. तेथूनच आजच्या एसीची सुरुवात झाली. एसीच्या नळ्यांतही एका द्रवाची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेते. फरक एवढाच, की ती वाफ बाहेर न सोडता तिचा पुन्हा द्रव केला जातो. म्हणून एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो कमी झाला, तर कोठेतरी गळती आहे, असे समजावे. आधी गळती बंद करून घ्यावी, मगच गॅस भरावा. एसीची धुळीची जाळी मात्र आपण घरीही धुऊ शकतो.

आता कूलरच्या देखभालीकडे वळू. पुन्हा माठाची आठवण करा. माठ जुना झाला की पाणी पूर्वीसारखे गार होत नाही. का बरे? आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात अनेकदा क्षार जास्त असतात. पाणी उडून जाते, पण क्षार मागे राहतात. ते माठाच्या छिद्रांत साचतात आणि छिद्रे बुजतात. कूलरच्या गवतावर दिसणारा पांढरा थर हाच. थर वाढला की गवत नीट भिजत नाही, हवा आत येत नाही आणि पंखा नुसताच आवाज करतो. म्हणून जुने गवत दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला बदलावे. नवे गवत आधी पाण्यात भिजवून ते पहिले पाणी फेकून द्यावे. गवत सगळीकडे सारखे पसरावे. एखाद्या ठिकाणी ते विरळ राहिले, तर गरम हवा तेथूनच आत घुसते.

हंगाम सुरू करताना टाकी घासून स्वच्छ करावी. वरच्या नळीची छिद्रे बारीक तारेने मोकळी करावीत. गवताचा एखादा पट्टा कोरडा दिसला, तर त्याच्या वरचे छिद्र बुजले आहे, असे ओळखावे. पंपाच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढावा. टाकीत पाणी असल्याशिवाय पंप चालवू नये. कोरडा चालला तर तो तापून जळतो. पंख्यातून नुसता ‘हूं’ असा आवाज येत असेल आणि तो फिरत नसेल, तर बहुधा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो किंवा तो कोठेतरी अडकलेला असतो. हाताने किंवा काडीने पाते फिरवून पाहू नका. वीज बंद करा आणि वायरमनला बोलवा.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी. याची दोन कारणे आहेत. रोज वरून पाणी घालत राहिलो, तर टाकीतले क्षार वाढत जातात, पाण्याला शेवाळ येते आणि हवेला वास सुटतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास घरातल्या साठलेल्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारणपणे आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात आणि कोरड्या जागीही कित्येक महिने टिकतात. म्हणून पाणी नुसते ओतून देऊ नका; टाकीच्या कडा ब्रशने घासा. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. मराठवाड्यालाही तिची झळ बसली. दुखणाऱ्या सांध्यांमुळे माणसे कित्येक आठवडे नीट चालू शकत नव्हती.

कूलरला पाणी लागते, आणि आपल्या भागात पाणी सहज मिळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे तुम्ही मोठ्यांकडून ऐकले असेल. म्हणून खोलीत कोणी नसताना कूलर चालू ठेवू नये. रात्री बाहेरची हवा गार झाली की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. टाकीतून काढलेले पाणी अंगणात शिंपडावे किंवा मोठ्या झाडाला द्यावे. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून कुंडीतल्या नाजूक रोपांना ते घालू नये. खिडकीबाहेर ताडपत्रीची सावली केली, तर खोली मुळातच कमी तापते.

आता या पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो.

मी आठवीत होतो तेव्हाची ही हकिकत आहे. अब्बांनी पत्र्याचा एक जुना कूलर विकत आणला. गारवा छान येत होता. घरात सगळे खूश होते. चौथ्या-पाचव्या दिवशी अम्मी म्हणाल्या, “कूलरमध्ये पाणी टाक.” माझी धाकटी बहीण बादली घेऊन गेली. तिचे पाय अनवाणी होते आणि फरशी ओली होती. तिने एक हात कूलरच्या पत्र्यावर ठेवला मात्र, ती किंचाळून मागे फेकली गेली. बादली उलटली. अब्बांनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. नशिबाने बहीण वाचली. पण कितीतरी दिवस ती त्या खोलीत पाऊल ठेवत नव्हती.

संध्याकाळी वायरमनचाचा आले. त्यांनी कूलर उघडला. पंपाच्या वायरचे वेष्टन तडकले होते आणि आतली तार पत्र्याला टेकत होती. मग त्यांनी पिन उघडून आम्हांला दाखवली. वायरमध्ये तीन तारा होत्या, पण पिनेत दोनच जोडल्या होत्या. तिसरी, हिरवी तार कोणीतरी कापून मागे दुमडून ठेवली होती.

अब्बा म्हणाले, “पण कूलर तर चांगला चालत होता!”

“तेच तर आहे,” चाचा म्हणाले. “कूलर दोन तारांवरही चालतो. ही तिसरी तार कूलरसाठी नसते, तुमच्या मुलांसाठी असते.”

मित्रांनो, या तिसऱ्या तारेला अर्थिंग म्हणतात. ती कूलरच्या पत्र्याला जोडलेली असते आणि तिचे दुसरे टोक जमिनीत पुरलेल्या धातूच्या पट्टीपर्यंत किंवा नळीपर्यंत जाते. पत्र्यात चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला ही सोपी वाट मिळते. मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो किंवा स्विच खाली पडतो. ही वाट नसेल, तर वीज पत्र्यावर तशीच राहते आणि हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जाते. ओले हात आणि अनवाणी पाय तिची वाट आणखी सोपी करतात. तीन पिनांपैकी वरची पिन जाड आणि लांब असते, ती याच तारेची. लांब असल्यामुळे ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते.

आपल्या काळ्या जमिनीबद्दलही एक गोष्ट जाणून घ्या. ओली जमीन वीज चांगली वाहून नेते, कोरडी जमीन तेवढी नेत नाही. उन्हाळ्यात जमीन वाळते, भेगाळते आणि अर्थिंग कमजोर होते. म्हणजे कूलर चालवण्याच्या दिवसांतच अर्थिंगची ताकद कमी होते! म्हणून घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालावे. शक्य असेल तर वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. वीज गळू लागली की हा स्विच डोळ्याचे पाते लवण्याआधी वीज तोडतो.

पुढील नियम तोंडपाठ करा आणि घरातल्या मोठ्यांनाही सांगा :

१. पाणी भरण्यापूर्वी कूलरचे बटण बंद करून पिन काढावी.

२. वीज गेलेली असतानाही पिन काढूनच कूलरला हात लावावा. वीज केव्हा परत येईल, याचा नेम नसतो.

३. ओल्या हाताने किंवा अनवाणी पायांनी कूलरला हात लावू नये.

४. ‘करंट येतो का’ हे बोट लावून पाहू नये. थोडीशी झिणझिणी आली, तरी कूलर लगेच बंद करून वायरमनला दाखवावा.

५. टाकीत बुडणाऱ्या वायरला जोड देऊन चिकटपट्टी लावू नये. पूर्ण वायर बदलून घ्यावी.

६. कोणाला विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल, तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करावे आणि १०८ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

पहिला पाऊस पडला आणि हवा दमट झाली की कूलरचा हंगाम संपतो. तेव्हा त्याला तसाच सोडून देऊ नका. पाणी काढा, टाकी घासून उन्हात वाळवा, गवत काढून टाका. पत्र्याला गंज चढला असेल, तर तो घासून रंग लावा. पंप पुसून कोरड्या जागी ठेवा आणि कूलर पोत्याने झाका. पुढच्या वर्षी दुरुस्तीच्या दुकानासमोर रांग लावावी लागणार नाही.

आमचा तो कूलर पुढे कितीतरी वर्षे चालला. पण दर उन्हाळ्यात पहिल्यांदा बटण दाबण्यापूर्वी अब्बा पिन उघडत आणि आम्हां भावंडांना जवळ बोलावून विचारत, “किती तारा आहेत?” आम्ही मोजून सांगत असू, “तीन!” मगच कूलर सुरू होई.

आज घरी गेलात की तुमच्या कूलरची पिन पाहा. तिला तीन पिना आहेत का? आत तिसरी तार जोडलेली आहे का, हे मोठ्यांना सांगून वायरमनकडून तपासून घ्या.

शब्दार्थ

निगा राखणे – काळजी घेणे, देखभाल करणे
झिरपणे – हळूहळू पाझरणे
बाष्पीभवन – पाण्याची वाफ होऊन हवेत मिसळणे
ताटी – गवताचा किंवा मुळांचा पडदा
दमट – ओलसर (हवा)
मानवणे – अनुकूल असणे, सोसणे
क्षार – पाण्यात विरघळलेले खारट पदार्थ
झळ बसणे – त्रास होणे, नुकसान होणे
वेष्टन – वरचे आवरण
नेम नसणे – खात्री नसणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माठातले पाणी गार का होते?
(आ) वाळ्याला उर्दूत काय म्हणतात?
(इ) पिनेतली जाड व लांब पिन कोणत्या तारेची असते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) कूलर चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवावी.
(आ) टाकीच्या कडा दर आठवड्याला ब्रशने घासाव्यात.
(इ) उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे.

प्र. ३. “ही तिसरी तार कूलरसाठी नसते, तुमच्या मुलांसाठी असते.” हे वाक्य कोण कोणाला म्हणाले? या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. ‘हवा’, ‘जमीन’, ‘आवाज’, ‘दुरुस्ती’, ‘हकिकत’ हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आढळतात. असे आणखी तीन शब्द पाठातून शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : शिक्षकांच्या मदतीने दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओले सुती कापड गुंडाळा. दोन्ही तापमापक सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात टांगा आणि १० मिनिटांनी दोन्हींवरील अंश वहीत लिहा. हाच प्रयोग मे महिन्यात आणि पावसाळ्यात करून दोन्ही नोंदींतील फरक पाहा.